म्हशीच्या पान्ह्यापासून मिसळीच्या घामापर्यंत: कातडी, ग्रंथी आणि मज्जासंस्थेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात अकरावी, बारावी आणि बीएस्सीच्या पोरांना बायोलॉजी शिकवते. कणा असलेल्या प्राण्यांचा हा भाग आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, अर्धे पुस्तकातले आणि अर्धे घरून आलेले, कारण वर्गातल्या कितीतरी पोरांच्या दारात म्हैस बांधलेली असते. सांगून सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकलंय. क्रम काही लावलेला नाही, जसे आठवले तसे.

मॅडम, त्वचा वेगळा धडा, ग्रंथी वेगळा, मज्जासंस्था वेगळा. तुम्ही तिन्ही एकत्र का घेता?

कारण मुळात ते एकाच घरचे आहेत. गर्भ अगदी सुरुवातीचा असतो तेव्हा त्यात पेशींचे तीन थर असतात, त्यातल्या सगळ्यात बाहेरच्या थरापासून कातडीचा वरचा पापुद्रा बनतो आणि मेंदू आणि मेरुरज्जू पण त्याच थरापासून. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला स्वतःलाच खरं वाटलं नव्हतं. होतं असं की पाठीच्या मधोमध त्या थराला एक पन्हळ पडते, दोन्ही कडा वर येतात आणि करंजीची पारी दुमडून कडा दाबतो ना तशा एकमेकींना चिकटतात, मग तयार झालेली नळी आत जाते आणि वर उरलेला थर कातडी होतो. माणसात ही नळी गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना बंद होते, म्हणजे कितीतरी बायकांना दिवस गेलेत हे नीट कळायच्याही आत, म्हणून तर डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आधीपासूनच घ्यायला सांगतात.

आता खरी गंमत त्या करंजीच्या काठाची. काठावरच्या काही पेशी सुटतात आणि अंगभर हिंडायला निघतात. काही कातडीत जाऊन रंगाच्या पेशी होतात, काही मणक्याच्या बाजूला नसांचे गठ्ठे होतात, आणि काही मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथीत शिरून अ‍ॅड्रेनलिन सोडायला लागतात. म्हणजे तुमच्या अंगाचा सावळा रंग आणि पेपरच्या आधीची छातीतली धडधड हे चुलतभाऊ लागतात. घामाच्या, तेलाच्या, दुधाच्या ग्रंथी तर काय, कातडीचाच वरचा थर खाली घुसून झालेल्या नळ्या आणि पिशव्या. पण सगळ्याच ग्रंथी अशा नाहीत हां, थायरॉइड घशाच्या आतल्या थरातून येते आणि अ‍ॅड्रेनलची बाहेरची साल मधल्या थरातून, त्यामुळं पेपरात सरसकट लिहून मार्क घालवू नका.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी भर गर्दीत दूध देतात आणि आमची घरची मात्र रेडकू लावल्याशिवाय थेंब देत नाही. असं का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा लांबण लावते.

कास ही कातडीचीच ग्रंथी, पण तिच्यातलं दूध नळाच्या टाकीसारखं खाली साठून राहत नाही. गाईत साधारण पाचातला एक भाग खालच्या पोकळीत उतरलेला असतो, म्हशीत जेमतेम विसातला एक. बाकीचं सगळं वर बारीक बारीक पिशव्यांत अडकलेलं, ते कितीही सड ओढले तरी आपल्याआपण येत नाही. रेडकू ढुशी देतं, सड चोखतं, तिथल्या कातडीतल्या नसा निरोप मेरुरज्जूतून मेंदूकडं पाठवतात, मेंदूच्या तळाला लोंबणारी पियूषिका ग्रंथी आपल्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते, ते कासेत पोचतं आणि त्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जाऊन दूध खाली ढकललं जातं. यालाच आपण पान्हा म्हणतो. निरोप जातो तारेनं आणि उत्तर येतं टपालानं, म्हणून सडाला हात लावला की लगेच धार लागत नाही, मध्ये थोडा वेळ जातो आणि म्हशीत गाईपेक्षा जास्तच जातो.

आता कट्ट्यावरच्या म्हशी. त्यात पंढरपुरी पुष्कळ दिसतात, तलवारीसारखी लांब शिंगं मागं गेलेली. पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाइकाच्या दारात, रस्त्यावर, गर्दीत धार काढून घ्यायची त्यांना सवय. सवय म्हणजे मेंदूचाच कारभार: रेडकू नसलं तरी मालकाचा आवाज, बादलीची कडी वाजणं, पुढ्यात आलेलं आंबोण, एवढ्यावरसुद्धा मेंदू ऑक्सिटोसिन सोडायला शिकतो. तुमची म्हैस फक्त रेडकाच्या ढुशीवर शिकलीय, एवढाच फरक.

माझे वडील एकदा दहा-बारा दिवस दवाखान्यात होते तेव्हा आमच्या म्हशीनं भावाला कासेला हात लावू दिला नाही, लाथा काय, बादली उडवली काय, शेवटी आईनं भावाला वडिलांचा न धुतलेला सदरा घालायला लावला आणि तिसऱ्या दिवशी बाई पान्हावल्या. वासानं काम झालं का तोवर तिची भीतीच मोडली होती ते तिलाच माहीत. पण भीतीचा मुद्दा खराच आहे. घाबरलेल्या जनावरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, कासेकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पान्ह्याचा निरोप अडतो. पाडव्याला सजवून, शिंगं रंगवून, गाडीमागं पळवून आणलेली म्हैस संध्याकाळी दूध चोरत असेल तर तिला शिव्या घालू नका, तासभर शांत उभी करा. आणि ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, तेव्हा पान्हा घातल्यावर धार एका बैठकीत संपवा, मधेच फोन घेऊन गोठ्याबाहेर जाल तर शेवटचं दूध वरच राहतं, आणि शेवटचं दूधच सगळ्यात दाट असतं.

मग सरळ पान्ह्याचं, म्हणजे ऑक्सिटोसिनचं, इंजेक्शन मारलं तर काय बिघडलं?

काका, बिघडतं. रोज बाहेरून मिळालं की म्हैस त्यावरच अवलंबून राहते, आणि हेच औषध गर्भपिशवी पण आवळतं. जनावरांच्या डॉक्टरनं अडलेल्या म्हशीला किंवा खास कारणासाठी देणं वेगळं आणि रोज सकाळी धारेआधी आपणच टोचणं वेगळं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमात दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला घातक असं काही टोचणं हा गुन्हाच आहे, आणि त्याच कलमात फुंका पण आहे. फुंका म्हणजे म्हशीच्या योनिमार्गात हवा फुंकायचा जुना ओंगळ प्रकार, तिथल्या नसा ताणल्या की वीत असताना होतं तसंच मेंदूत ऑक्सिटोसिन सुटतं. ज्यांनी तो शोधला त्यांना मज्जासंस्था शिकवली नव्हती पण तिचा गैरफायदा बरोबर कळला होता.

म्हैस पाण्यात, चिखलात का बसते? गाय तर बसत नाही.

काळी कातडी, केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानानं फारच कमी. ऊन शोषायची सोय आहे आणि ते बाहेर टाकायची नाही. मग पाणी अंगावर घ्यायचं आणि त्याच्या वाफेनं गार व्हायचं, चिखल तर पाण्यापेक्षा हळू वाळतो म्हणून जास्त वेळ पुरतो, वर गोचीड-माश्यांपासून पांघरूण. ज्यांच्याकडं तळं-ओढा नाही त्यांनी उन्हाळ्यात दुपारी पाण्याचा पाइप मारावा. चैन नव्हे ती, तिच्या घामाची भरपाई.

आणि कोंबडी? उन्हाळ्यात चोच उघडी टाकून धापा टाकते, आजारी आहे का?

बहुतेक नाही. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नसतात. श्वास जोरजोरात घेऊन, गळ्याची कातडी फडफडवून ते ओलावा उडवतात. पण फार धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि अंड्याच्या कवचाला लागणारा माल कमी पडतो, म्हणून उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी येतात. पक्ष्यांच्या कातडीत सांगण्यासारखी एकच मोठी ग्रंथी, शेपटीच्या मुळाशी असलेली तेलाची. कोंबडी चोच तिथं घासून पिसांना लावत बसते ती तीच.

पायातलं कोल्हापुरी चप्पल म्हणजे कातडीचा नेमका कुठला थर?

खालचा, म्हणजे चर्म. पोरांना कातडीची आकृती काढायला सांगितली की सगळा जोर वरच्या थरावर देतात, आणि चप्पल करणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं तो थर म्हणजे कचरा. कातडं चुन्याच्या पाण्यात टाकलं की केस आणि वरचा पापुद्रा सुटून येतो, आतल्या बाजूचं मांस-चरबी खरवडून काढतात, आणि मध्ये उरतो कोलॅजेनच्या धाग्यांचा जाड विणलेला थर. हा तसाच ठेवला तर सडतो. बाभळीची साल आणि हिरडा यातलं टॅनिन त्या धाग्यांना घट्ट धरतं, मग जिवाणूंना ते पचवता येत नाही. यालाच कातडं कमावणं म्हणतात. चप्पल लाइनीत जाऊन चपलेच्या टाचेची कड जवळून बघा, उभा छेद म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा चांगलं दिसेल. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून.

आणि नवीन चप्पल लागते तेव्हा जो फोड येतो तो तुमच्या वरच्या पापुद्र्याच्याच आत फाटलेल्या जागी साठलेलं पाणी असतं, फोडू नका. हळूहळू तीच जागा रोज थोडी थोडी घासली गेली तर फोडाऐवजी घट्टा पडतो, म्हणजे मेलेल्या, केराटिन नावाच्या चिवट प्रथिनानं भरलेल्या पेशींचे थर जाड होतात. कातडी दोन्ही वेळेला तीच, फरक आपल्या घाईचा.

केस कापला, नख कापलं तर दुखत नाही, पण केस ओढला तर डोळ्यातून पाणी. का?

केस आणि नख मेलेल्या पेशी, त्यात नस नाही. पण केसाच्या मुळाभोवती नसांची जाळी गुंडाळलेली असते. मुंगी हातावर चढली की कातडीला लागायच्या आधी केस हलल्यावरच कळतं ते त्यामुळंच.

गव्याचं शिंग आणि सांबराचं शिंग एकच ना?

नाही, आणि दाजीपूरला, म्हणजे राधानगरीच्या अभयारण्यात, सहलीला गेल्यावर हे प्रत्येक बॅच चुकते. गव्याचं शिंग म्हणजे आत हाड आणि वर कातडीनं घातलेली केराटिनची टोपी, आयुष्यभर एकच, म्हशीचंही तसंच. सांबराचं शिंग म्हणजे नुसतं हाड, वाढताना त्यावर मखमली कातडी असते, ती वाळून घासून निघते आणि पुढं शिंगच गळून पडतं, परत नवीन. राधानगरीचं अभयारण्य १९५८ साली झालं ते गव्यांसाठीच. गव्याच्या अंगावर तेलकट घाम असतो, त्यातल्या एका द्रव्यानं डास बसायचे टळतात. आपल्याला त्यासाठी कॉइल लावावी लागते.

मिसळ खाताना डोक्यातून घाम आणि नाकातून पाणी का येतं? तिखट ही चव आहे का?

चव नाही, आग आहे. म्हणजे मेंदूला तरी तसंच वाटतं. जिभेच्या आणि कातडीच्या नसांच्या टोकांवर एक प्रथिनाचं दार असतं, साधारण ४३ अंशांच्या वर ते उघडतं आणि भाजतंय असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याच दाराला चिकटून ते कमी तापमानालाच उघडतं. मेंदू बिचारा फसतो, अंग तापलंय असं समजून घाम सोडतो, नाकातल्या आणि डोळ्यातल्या ग्रंथी पण कामाला लागतात. हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली शोधलं आणि २०२१ साली त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पटापूटियन यांचं काम दाबाच्या, स्पर्शाच्या दारांवरचं. तांबड्या रश्श्याचा घाम पुसताना एवढं आठवा.

पाणी पिऊन आग विझत नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दही-दूध चालतं. संकेश्वरी मिरच्या कांडून हाताची आग झाली तर आधी तेल चोळा मग साबण, पाणी नुसतं पसरवतं. आणि पोपट मिरच्या मजेत खातो तो काही धीट नाही, पक्ष्यांच्या त्या दाराला कॅप्सेसिन लागूच पडत नाही. मिरचीचं बी लांबवर टाकायला पक्षी बरे, चावून बारीक करणारे आपल्यासारखे प्राणी नकोत, असा त्यात झाडाचा फायदा.

तालमीत पैलवानाचा घाम एवढा कसा निघतो? आणि हा घाम कोण सोडतं?

माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी आहेत, घाम गाळण्यात आपला हात धरणारे प्राणी फार कमी, घोडा एक. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तर. टपटप गळून मातीत पडला तर काही नेत नाही, म्हणून पावसाळी दमट हवेत तालमीत जास्त दम लागतो.

कोण सोडतं, हा परीक्षेचा प्रश्न आहे, नीट वाचा. घामाच्या ग्रंथींकडं जाणाऱ्या नसा सिम्पथेटिक, म्हणजे पळा-नाहीतर-लढा वाल्या. या नसांची टोकं बहुतेक ठिकाणी नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात पण घामाच्या ग्रंथींपाशी मात्र अ‍ॅसिटिलकोलिन. हा अपवाद दरवर्षी कुठल्यातरी एन्ट्रन्सला विचारतातच. नसेच्या टोकातून असं काही रसायन सुटतं हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली दाखवलं: बेडकाचं एक हृदय, त्याच्या नसेला विजेचे झटके देऊन मंद केलं, त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, तेही मंद झालं, नस न छेडता. ते पाण्यात उतरलेलं द्रव्य म्हणजेच अ‍ॅसिटिलकोलिन. पुढचे दोन प्रश्न याच एका रसायनाचे आहेत म्हणून नाव लक्षात ठेवा.

पैलवानाचा कान मोडलेला का दिसतो असंही विचारतात. कानाच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिला खाणं मिळतं. घर्षणानं आवरण सुटून मध्ये रक्त साठलं की कूर्चा उपाशी मरते आणि वेडीवाकडी गाठ होते. वेळेत रक्त काढून दाबपट्टी बांधली तर टळतं, पण खासबागेत उतरणाऱ्या गड्याला ते टाळायचंच नसतं.

उसावर फवारणी करून आलं की दरदरून घाम, लाळ, डोळ्यापुढं अंधारी. ऊन लागलं म्हणायचं का?

नाही म्हणायचं. पहिल्यांदा विषबाधा समजायची. क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं अ‍ॅसिटिलकोलिन संपवणारं एन्झाइम बंद पाडतात. मग हे रसायन साचतच जातं आणि ज्या ज्या ग्रंथीला ते चालवतं ती ग्रंथी वाहायला लागते: घाम, लाळ, डोळ्याचं पाणी, छातीत कफ. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू थडथडतात, शेवटी श्वास अडकतो. आणि हे औषध नाकातोंडातूनच जातं असं नाही, कातडीतूनही मुरतं, त्यात घामानं भिजलेला शर्ट अंगाला चिकटलेला असेल तर विचारूच नका. कपडे ताबडतोब उतरवा, साबणानं अंग धुवा, धुणाऱ्यानं हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात, उलटी करवू नका, औषधाची बाटली किंवा तिचा फोटो घेऊन सरळ दवाखाना गाठा, तिथं उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन देतात. कांदा नाकाला लावणं, ताक पाजणं यात जाणारा वेळ महाग पडतो.

नाग चावला तर माणूस मरतो तो कशानं? आणि मण्यार चावलेलं कळत कसं नाही?

विषाची ग्रंथी म्हणजे बदललेली लाळेची ग्रंथी. नागाच्या विषातले घटक स्नायूवर जाऊन अ‍ॅसिटिलकोलिनच्या कुलपात बसतात, मग नसेनं कितीही किल्ली फिरवली तरी स्नायू हलत नाही. पापण्या जड होतात, बोलणं घोगरं होतं, मग श्वासाचे स्नायू थांबतात. म्हणजे फवारणीत रसायन जास्त झालं आणि इथं ते असून उपयोग नाही. मण्यारीचं विष नसेच्या टोकालाच निकामी करतं, ते परत उगवायला दिवस लागतात, म्हणून असे पेशंट बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहून बरे होतात. मण्यार बहुधा रात्री, खाली झोपलेल्या माणसाला चावते, खूण बारीक, दुखत जवळजवळ नाही, पहाटे पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत असं सुरू होतं. शेताकडच्या घरात पहाटे असं कुणाला झालं तर गॅस झाला म्हणून सोडा पाजत बसू नका. घोणस आणि फुरशाचं विष मुख्यतः रक्तावर काम करतं. आपल्याकडं या चौघांच्या विषावर मिळून एकच प्रतिविषाची लस चालते. करकचून दोरी बांधणं, कापणं, चोखणं काही नको, हात-पाय हलवू न देता सरकारी दवाखाना.

नागपंचमीला नाग दूध पितो ना?

नाही पीत. तहानेनं जीव चाललेला साप समोर येईल ते ओलं पितो, त्याला दूध पचत नाही. पुंगीवर डोलतो ते पुंगी हलते म्हणून. बाहेरचा कान नाही, पण आतला कान आहे आणि जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून तिथं पोचते.

आणि कात टाकतो म्हणजे कातडी टाकत नाही, वरच्या पापुद्र्याची बाहेरची घडी फक्त, डोळ्यावरच्या पारदर्शक झाकणासकट. त्याआधी काही दिवस डोळे निळसर-दुधाळ दिसतात आणि साप चिडका असतो, नीट दिसत नाही ना. आपणही कात टाकतो, महिन्याभरात वरचा थर नवा होतो, पण चूर चूर करून टाकतो, घरातल्या धुळीत ती पण असते.

बेडूक हातात घेतला तर चामखीळ येते?

येत नाही, चामखीळ विषाणूमुळं येते. पण भेडकाच्या, म्हणजे त्या खरबरीत टोडच्या, डोळ्यामागं दोन फुगीर गाठी असतात त्या विषाच्या ग्रंथी. कुत्र्यानं तोंडात धरला की फेस येतो तो त्यानं. हात लावला तर हात धुवा, डोळ्याला लावू नका, बस. बेडकाची कातडी ओली ठेवायला चिकट द्रवाच्या ग्रंथी असतात कारण तो कातडीतूनही श्वास घेतो, आणि म्हणूनच शेतातलं औषध त्याला सगळ्यात आधी भोवतं.

बेडूकमाशांची एक गोष्ट इथंच सांगते. १९१२ साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञानं बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली आणि ते वेळेआधीच पाय फुटून चिमुकले बेडूक झाले. थायरॉइडशिवाय उलट होतं, बेडूकमासा नुसता मोठा होत राहतो. थायरॉइडला आपलं संप्रेरक बनवायला आयोडीन लागतं, म्हणून मिठात आयोडीन का घालतात हे पोरांना गलगंडाच्या चित्रापेक्षा या गोष्टीनं लवकर कळतं.

नस म्हणजे नक्की काय? आजी म्हणते नस आखडली, डॉक्टर म्हणतात नस दबली, नर्सबाई म्हणतात नस सापडेना.

तिघी-तिघे वेगळं बोलतायत. नर्सबाईंची नस म्हणजे शीर, रक्ताची. डॉक्टरांची म्हणजे मज्जातंतू, निरोपाची. आजीची बहुतेक वेळा नस नसतेच, स्नायूचा गोळा असतो. पेपरात मज्जातंतू किंवा चेतातंतू लिहा, बाहेर काय बोलायचं ते बोला.

ठेच लागली की आधी लागल्याचं कळतं आणि कळ नंतर येते. का?

दोन वेगळ्या तारा. स्पर्शाच्या जाड तारांवर मायलिनचं, म्हणजे चरबीदार, आवरण असतं, त्या सेकंदाला कितीतरी मीटर धावतात, सगळ्यात वेगवान तारा तर १०० मीटरच्या पुढं. ठणक्याच्या बारीक, उघड्या तारा सेकंदाला मीटरभर, फार तर दोन. पायाच्या अंगठ्यापासून मेंदूपर्यंत दीड-पावणेदोन मीटर, करा हिशोब. आणि पाय मागं घेतला जातो तो कळ यायच्या आधी, कारण तो निर्णय मेरुरज्जू परस्पर घेतो, हीच प्रतिक्षिप्त क्रिया.

पालीची तुटलेली शेपूट का वळवळते?

त्यात मेरुरज्जूचा तुकडा असतो, त्याला मेंदूची परवानगी लागत नाही. मांजर शेपटीकडं बघत बसतं, पाल निसटते.

पेपरला कुठली आकृती येते?

कातडीचा उभा छेद आणि प्रतिक्षिप्त क्रियेचा मार्ग. बाण कुठून कुठं ते बघा, दरवर्षी दहाबारा जण निरोप उलटा पाठवतात. पेन्सिलला टोक घरूनच करून न्या, वर्गात कटर फिरवत बसलं की माझंच डोकं उठतं.